मृगाच्या गैरहजेरीत

मुक्काम कळसाडी,
मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी

चि. बाळ यास,

मृग लागला की जूनमध्ये कळसाडीस येतो, तेव्हा शेतात नेऊन मृग दाखवा, असे तू लिहिलेस ते वाचून हसू आले, आणि थोडा संकोचही वाटला. कारण मृगाच्या नावाने पेरणीची तजवीज करण्यात उभी हयात घालवलेला तुझा हा मामाही चाळिशीपर्यंत त्याच समजुतीत होता. बाळ, मृग लागतो म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो. 7-8 जूनच्या सुमारास तो तेथे जातो, तेरा-चौदा दिवस मुक्काम ठोकतो, आणि ज्याच्या घरी सूर्य उतरला ते नक्षत्र त्याच्याबरोबरच उगवून त्याच्याबरोबरच मावळत असल्यामुळे आपल्या दृष्टीस पडत नाही. जहागिरीचा वसूल जहागीरदाराच्या नावाने व्हावा आणि तो स्वतः चावडीवर कधी फिरकू नये, तसा हा प्रकार. नक्षत्राचे वाहन कोल्हा की बेडूक याची चौकशी सारा गाव करतो. मूळ धनी आकाशात रुजू आहे की नाही, हे कोणी पाहत नाही.

तेव्हा पाहायचाच असेल तर आताच ये. गव्हाला पाणी देण्याची आमची पाळी सध्या रात्रीची आहे. काल अकरा वाजून गेल्यावर बांधावर फावडे टेकून मान वर केली, तर चार कोपऱ्यांना चार तारे, पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्याच्या रोखाने खाली आलो की लखलखणारा व्याध, असा सगळा सरंजाम डोक्यावर आला होता. त्या चारांपैकी काक्षी तांबूस आणि राजन्य निळसर पांढरा, हा भेद नुसत्या डोळ्यांना कळतो. म्हणून दुर्बीण घेण्याचा तुझा बेत तूर्त तहकूब ठेव. दक्षिणेस, क्षितिजापासून फार वर नाही असा, अगस्त्य होता. पावसाळा उतरणीला लागल्यावर तो प्रथम पहाटे दिसतो, आणि तेव्हा नदीचे गढूळ पाणी निवळते असे जुनी माणसे सांगत. उत्तरेस सातपुड्याची काळी कड. हात लांब करून क्षितिजापासून मुठीवर मूठ अशा दोन मुठी मोजल्या की ध्रुव सापडतो, कारण आपले अक्षांश साडेएकवीसच्या आसपास आणि ध्रुवही तेवढेच अंश वर. खाटले, म्हणजे तुमचे सप्तर्षी, मध्यरात्रीनंतर ईशान्येस उभे राहते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सहा हजार वर्षांपूर्वी वसंतसंपात या मृगात होता, असे टिळकांनी 1893 साली ‘ओरायन’मध्ये प्रतिपादिले, तो संपात अजूनही सरकतोच आहे, आणि त्यामुळे सूर्याचा मृगप्रवेश दर 72 वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे जातो. म्हणजे माझ्या पणजोबांचा मृग माझ्या मृगाच्या एखादा दिवस आधी लागत असे, आणि पाऊस बिचारा या हिशेबाला बांधलेला नाही! मला वाटते, आम्ही पंचांगावर रुसतो ते थोडे अन्यायाचेच आहे.

येताना घोंगडी आण; बांधावर दव फार पडते, आणि अमावास्येच्या आत ये, नंतर संध्याकाळी चंद्रकोर आडवी येऊ लागते. बाण आता पश्चिमेकडे कलला. वाफा भरला असेल, दारे मोडायला जातो.

तुझा,
मामा