कललेल्या झाडाचं लाकूड

प्रिन्स जॉर्जला जूनमध्ये स्प्रूसची साल सहज सोलून निघते. एरवी ती खोडाला घट्ट धरून असते. पण या दिवसांत सालीखालचा कॅम्बियमचा थर भराभर नव्या पेशी तयार करतो. तिथलं ओलं, कोवळं लाकूड ब्लेडने खरवडायचं आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचं. उशीर झाला तर आतली प्रथिनं बदलतात. हे माझं काम, आणि त्यापायी सहा वर्षं मी आंब्याच्या दिवसांत घरी गेलेली नाही.

अण्णांनी चिपळूणजवळ आयुष्यभर सुतारकाम केलं. ते फोनवर म्हणाले, "लाकूड म्हणजे मेलेलंच ना गं? त्यात एवढं काय बघतेस?"

बरोबरच आहे त्यांचं. स्प्रूसच्या लाकडातल्या बहुतेक पेशी मेल्यावरच पाणी वाहून नेतात. पण त्याआधी आधी भिंत सैल करणारी प्रथिनं वाढतात, मग सेल्युलोज विणणारी, मग लिग्निन बनवणारी आणि शेवटी पेशीला आतून पचवून टाकणारी. उरते पोकळ नळी. नुसती जनुकं वाचून हा क्रम हाती लागत नाही. व्हाइट स्प्रूसचा जीनोम कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडला. सुमारे २० अब्ज अक्षरं, माणसाच्या जवळपास सात पट! पण तो सालीत आणि लाकडात सारखाच. प्रथिनं मात्र दर टप्प्यावर मोजावी लागतात. (राळेतून ती वेगळी काढताना आपलाच जीव जातो, ते निराळं.)

गेल्या वर्षी आम्ही काही रोपं मुद्दाम तिरकी बांधली. सूचिपर्णी झाड कललं की खालच्या अंगाला लालसर, जास्त लिग्निनचं लाकूड घालतं आणि स्वतःला वर ढकलतं. वाळताना ते लांबीत आकसतं, फळी वाकते.

"ते ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "उतारावरच्या कललेल्या झाडाची फळी चौकटीला घेत नाहीत. पण आमच्याकडे खोड वरच्या अंगाला बिघडतं."

मी गप्पच झाले. रुंद पानांच्या झाडांत असं लाकूड वरच्याच बाजूला येतं. मला ते पुस्तकात वाचावं लागलं होतं.

अण्णांना आता मोतीबिंदूमुळे रेषा दिसत नाही, हत्यारं त्यांनी पुतण्याला दिली. कललेल्या फणसाचा एक ओंडका मात्र ठेवलाय, वरची बाजू खडूने खूण करून. लाकूड इकडे आणायचे सोपस्कार फार. जूनचे नमुने सहकाऱ्यावर सोपवलेत. मेमध्ये मीच जाते आहे.