पाठीवरचं बिऱ्हाड

अ‍ॅरिझोनात हिवाळा सुरू झाला की इथल्या माणसांना हायसं वाटतं, आणि उत्तरेकडची गारठलेली म्हातारी माणसं आपापली घरं चाकांवर घालून खाली उतरतात. त्यांना 'स्नोबर्ड' म्हणतात. मी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला फिनिक्सला आलो, तेव्हा पश्चिमेला दोनेक तासांवरच्या क्वार्ट्झसाइट गावाबाहेर वाळवंटात पसरलेल्या पांढऱ्या पेट्या बघून मला वाटलं, एखादी लष्करी छावणी पडली आहे. जवळ गेल्यावर दिसले खुर्च्या टाकून उन्हात बसलेले आजीआजोबा. मिनेसोटाच्या, आयोवाच्या, थेट कॅनडाच्या नंबरप्लेटी. कुणी दगड घासून चकचकीत करतंय, कुणी पत्ते पिसतंय. याच गावात एका उंटवाल्याचं थडगं आहे, पिरॅमिडच्या आकाराचं, वर धातूचा उंट. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणले होते, त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीचं. फिरस्त्यांचं हे गाव तसं जुनंच.

आमच्या लॅबमध्ये एक वयस्क टेक्निशियन होता. निवृत्त झाल्यावर त्याने आणि त्याच्या बायकोने घर विकलं आणि एक जुनी मोटारहोम, इथल्या भाषेत आरव्ही, घ्यायचं ठरवलं, कायमची राहायला. माझ्या मध्यमवर्गीय पुणेरी डोक्याला हे झेपेना. माणूस जन्मभर घराचे हप्ते फेडतो ते म्हातारपणी ते विकून रस्त्यावर यायला? पण त्याचा हिशोब पक्का होता. 1973 आणि 1979 च्या तेलटंचाईने या गाड्यांच्या धंद्याचं कंबरडं मोडलं होतं. गॅलनला सात-आठ मैल देणारी, दहा-बारा वर्षं जुनी गाडी कुणाला हवी होती? ज्याला ती फारशी चालवायचीच नव्हती, त्याला. हिवाळ्यात इथे, उन्हाळ्यात वर कोलोरॅडोत, की झालं वर्ष.

गाडी बघायला त्याने मला बरोबर नेलं, टॉर्च धरायला. जाहिरात पेपरातली, तीन ओळींची. फोन करायचा, पत्ता लिहून घ्यायचा, नकाशा उलगडून शोधत जायचं. मला वाटलं आधी बॉनेट उघडेल. त्याने आधी दार उघडून नुसता वास घेतला. मग कपाटं उघडून कोपऱ्यांत तळहात दाबत गेला. ड्रायव्हरच्या डोक्यावर जो झोपायचा माळा असतो, त्याच्या कोपऱ्याशी तो थांबला. लाकूड मऊ लागत होतं. या गाड्या म्हणजे लाकडी सांगाडा, आत पातळ प्लायवूड, बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरग्लासचा पत्रा. छपराच्या सांध्यांवर सीलंट लावलेलं असतं, ते दर वर्षी बघावं लागतं. एकदा का पाणी आत शिरलं, की ते भिंतीतल्या भिंतीत उतरतं आणि सांगाडा कुजवतं, बाहेरून पत्ता लागत नाही. इंजिन कुठलाही गॅरेजवाला दुरुस्त करील, तो म्हणाला, कुजलेलं घर कोण दुरुस्त करणार? ती गाडी सोडून दिली. पुढचीही सोडली. शेवटी घेतली ती दिसायला सगळ्यांत भिकार होती, पण कोरडी होती.

त्या दिवसांत हे सगळं ज्ञान माणसांपाशी असायचं. फ्रिज गॅसवर चालतो, आत कॉम्प्रेसर नाही, म्हणून गाडी सपाट उभी हवी, नाहीतर तो बिघडतो, हे शेजारच्या पेटीतला आजोबा सांगायचा. फ्रिजपाशी अमोनियाचा वास आला तर त्याचा कारभार आटोपला, हेही. संडासाची टाकी आधी रिकामी करायची आणि भांड्यांच्या पाण्याची नंतर, म्हणजे तेवढ्याने पाइप धुऊन निघतो, हे तर कुणीतरी हमखास न विचारता शिकवायचं. पत्रं पुढच्या गावच्या पोस्टात 'जनरल डिलिव्हरी' म्हणून पाठवायची. पुढे त्या जोडप्याने टेक्सासातल्या 'एस्केपीज' क्लबची पत्रव्यवस्था घेतली. 1978 साली जो आणि के पीटरसन या नवराबायकोने काढलेला हा क्लब, सदाफिरत्यांना एक कायमचा पत्ता देणारा. फोन रविवारी, पेट्रोलपंपावरच्या डब्यातून, नाणी टाकत. नातवंडांचे आवाज ऐकून झाले की बायको डोळे पुसायची, तेही मी पाहिलंय. तेव्हाचं सगळं गोडच होतं असं नाही. वाळवंटात छातीत दुखायला लागलं तर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला आधी फोन असलेल्या ठिकाणी जावं लागे. आणि त्या छावणीत माझ्या रंगाचा मी बहुधा एकटाच असायचो. लोक प्रेमाने वागायचे, पण मी तिथे रात्री एकटा गाडी लावून झोपलो असतो का? सांगता येत नाही.

आता माझी भाची. फिजिओथेरपिस्ट आहे, तेरा-तेरा आठवड्यांच्या करारावर गावोगावच्या हॉस्पिटलांत काम करते. दर तीन महिन्यांनी नवं गाव, नवं भाडं. या वर्षी वैतागून म्हणाली, "मामा, जुनी आरव्ही घेते आणि त्यातच राहते. बघायला येशील?" यंदाही टॉर्च माझ्याच हातात.

तिला मी काय शिकवणार? फेसबुकवर तिने शेकडो गाड्या चाळल्या होत्या. टायरवरचे चार आकडे वाचून तो कुठल्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला ते सांगत होती. रबर शाबूत दिसलं तरी सहा-सात वर्षांनी टायर बदलावेत, हेही तिला पाठ. पर्समधून ओल मोजायचं यंत्र काढलं आणि भिंतींवर टेकवत सुटली. सौर पॅनल छपरावर, लिथियम बॅटरी सोफ्याखाली, स्टारलिंकची ताटली मागे, असा आराखडा तयार. आमच्या त्या टेक्निशियन मित्राच्या शिशाच्या बॅटऱ्या अर्ध्यापर्यंत उतरल्या की जपायला लागायच्या, मग तो जनरेटर लावून शेजाऱ्यांच्या शिव्या खायचा. तिच्या गाडीत मिक्सरवर चटणी निघेल. मालही भरपूर आहे बाजारात. कोविडमध्ये लोकांना अचानक मोकळ्या हवेचं वेड लागलं, 2021 साली कारखान्यांतून सहा लाखांच्या घरात आरव्ही बाहेर पडल्या. वेड उतरल्यावर त्यातल्या कितीतरी विकायला निघाल्या, आणि त्यांच्या दबावाखाली जुन्यांच्या किमतीही उतरल्या. तिने घेतलेली गाडी 2006 ची. माळ्याचा कोपरा मी तळहाताने दाबून पाहिला. यंत्राने सांगितलं तेच हाताने सांगितलं: कोरडा.

मग मी विचारलं, "उभी कुठे करणार?" आणि खरी रड तिथे सुरू झाली.

गाड्या तेव्हाही स्वस्त मिळायच्या, आताही मिळतात. महाग झालंय ते उभं राहणं. आरव्ही पार्कवाले दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीचा आधी फोटो मागतात आणि मग जागा नाही म्हणतात. वॉलमार्टच्या आवारात पूर्वी बिनधास्त रात्र काढता यायची, आता कितीतरी दुकानांबाहेर मनाईच्या पाट्या आहेत. शहराशहरांत रस्त्यावर रात्री गाडीत झोपायला बंदी. 2024 साली ग्रँट्स पासच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सार्वजनिक जागी मुक्काम करणाऱ्यांना दंड करायची शहरांना मोकळीक दिली, तेव्हापासून तर आणखीच. सरकारच्या बीएलएम खात्याच्या मोकळ्या जमिनीवर चौदा दिवस फुकट राहता येतं. क्वार्ट्झसाइटला 1983 पासून हिवाळाभराचा परवानाही मिळतो, बरीच वर्षं 180 डॉलरला सात महिने. पण वाळवंटात हॉस्पिटल नाही, आणि भाचीला रोज सकाळी सातला ड्यूटीवर हजर व्हायचंय.

माझ्या मित्राकडे विकायला घर होतं, वर पेन्शन. आजच्या क्वार्ट्झसाइटमध्ये अशी माणसं दिसतात ज्यांच्याकडे विकायला कधी घरच नव्हतं. जेसिका ब्रूडरच्या 'नोमॅडलँड'मध्ये, आणि त्यावरच्या ऑस्कर मिळालेल्या सिनेमात हीच माणसं आहेत. साठी-सत्तरीत गोदामांत खोकी उचलणारी. आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या काही जणांना तो सिनेमा फार रोमँटिक वाटला. मला त्यात माझ्या मित्राच्या बायकोच्या हाताशी असायची तशी भरतकामाची टोपली कुठेच दिसली नाही.

"तोवर तुमच्या ड्राइव्हवेत लावते," भाची म्हणाली. मी सोसायटीचे, म्हणजे इथल्या एचओएचे, नियम काढून वाचले. आरव्ही दारात दोन दिवस लावायची परवानगी, तीही सामान चढवण्या-उतरवण्यापुरती. मग तिने मेसाच्या बाजूला महिन्याच्या भाड्याने एक स्टोरेजची जागा शोधली. तिथे गाडी ठेवता येते, गाडीत राहता येत नाही. सध्या आरव्ही तिकडे भाडं भरून राहतेय आणि भाची आमच्या पाहुण्यांच्या खोलीत फुकट. मामीला ही व्यवस्था एकदम पसंत आहे.