जादा हाड आणि खरे दुखणे

कोल्हापूरच्या घराघरांत खेळाची चर्चा असते. खासबागेतील कुस्ती आणि शाहू स्टेडियमवर रंगणारा पेठापेठांतील फुटबॉल हे येथील अभिमानाचे विषय. मात्र ज्या पावलांवर हा सारा खेळ उभा असतो, त्यांच्या रचनेचा विचार क्वचितच होतो. खेळणाऱ्या मुलाने पाय दुखतो म्हटले, की 'मुरगळला असेल' किंवा 'सरावाचा कंटाळा आला असेल', या दोन निदानांपलीकडे घरातील मंडळी सहसा जात नाहीत.

मानवी पावलात सामान्यतः 26 हाडे असतात. अंगठ्याच्या बुडाशी असलेली दोन लहान हाडे धरल्यास 28. परंतु प्रत्येकाचा हिशेब असा जुळतोच असे नाही. काहींच्या पावलात एखादे हाड अधिक असते. त्यांतील सर्वांत परिचित हाड पावलाच्या आतल्या बाजूस, घोट्याच्या किंचित पुढे, नौकेच्या आकाराच्या 'नॅव्हिक्युलर' हाडाला लागून असते. साधारणतः दहा जणांमागे एकाच्या पायात ते आढळते आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. दुसरे, 'ऑस ट्रायगोनम', घोट्याच्या मागे असते. बालपणी स्वतंत्रपणे तयार होणारा तो अंश मुख्य हाडाशी एकरूप न झाल्यास वेगळाच राहतो. पंजा ताणून वारंवार चेंडू मारणाऱ्या फुटबॉलपटूंना आणि बॅले नर्तकांना त्यामुळे घोट्याच्या मागे कळ येऊ शकते.

शहरातील एका जैन कुटुंबातील नववीत शिकणारी मुलगी शाळेच्या फुटबॉल संघात होती. काही महिने तिचा उजवा पाय आतल्या बाजूने दुखत असे. आजोबांना ती अभ्यासाप्रमाणे सरावही टाळते आहे असे वाटे. कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर सहकुटुंब दर्शनाला गेले असता ती अर्ध्या पायऱ्यांवरच बसली. अनवाणी पावलावरील लालसर उंचवटा तेव्हा प्रथमच आईच्या नजरेस पडला. एक्स-रेमध्ये एक लहानसे सुटे हाड दिसले आणि घरच्यांनी ते मोडले असेच गृहीत धरले. डॉक्टरांनी त्याच्या गोलसर, गुळगुळीत कडा दाखवल्या. नुकत्याच मोडलेल्या हाडाची कड अशी नसते. मग त्यांनी डाव्या पायाचाही एक्स-रे काढला. तेथेही तसेच हाड होते, पण तो पाय कधीच दुखला नव्हता.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. पायातून खाली उतरणारा एक बळकट स्नायुबंध नेमका या जागी येऊन जोडला जातो आणि तळव्याची कमान उचलून धरतो. जादा हाड मुख्य हाडाशी कूर्चेने जोडलेले असेल, तर धावताना आणि वळताना सारा ताण त्या नाजूक जोडावर येतो. वाढीच्या वयात, विशेषतः मुलींमध्ये, हे दुखणे डोके वर काढते. घट्ट बुटाचे घर्षण त्यात भर घालते.

अनेकान्ताचा संस्कार असलेल्या समाजाला यातील बोध परका वाटू नये. एक्स-रे सांगतो ते सत्य आहे, पण ते एका बाजूचे. मूल बोट ठेवून दाखवते तेही सत्यच. केवळ चित्र पाहिले तर निरोगी डावा पायही रोगी ठरतो. चित्र न पाहता केवळ अनुमान केले तर दुखणारे मूल आळशी ठरते. दोन्ही बाजू जुळतात तेथेच निदान होते.

उपचारांची सुरुवात बहुधा शस्त्रक्रियेने होत नाही. काही आठवडे खेळापासून विश्रांती, गरज पडल्यास पायाला प्लास्टर, बुटात कमानीला आधार देणारी गादी आणि नंतर स्नायू बळकट करणारे व्यायाम, हा क्रम असतो. पुष्कळांना एवढ्यानेच आराम पडतो. दुखणे हटलेच नाही, तर हाड काढण्याचा विचार होतो. त्या मुलीची आंतरशालेय स्पर्धा हुकली, ती पुष्कळ रडली. पण पुढच्या हंगामात ती हळूहळू मैदानावर परतली. आजोबा आता सरावाला जाताना तिच्या बुटातील गादी तपासतात.

पावलातील लहान हाडे मोठ्या खेळाडूंनाही थांबवतात. अंगठ्याखालच्या अशाच छोट्या हाडाच्या दुखापतीमुळे सचिन तेंडुलकरला 2001 साली श्रीलंकेतील कसोटी मालिकेला मुकावे लागले. राफेल नदालला जादा हाडाचा नव्हे, तर नॅव्हिक्युलर हाडाच्याच विकाराचा त्रास होता. 2022 ची फ्रेंच स्पर्धा त्याने पाऊल बधिर करणारी इंजेक्शने घेऊन जिंकली. तो एका प्रौढ व्यावसायिक खेळाडूने सर्व जाणून घेतलेला निर्णय होता. वाढत्या मुलांसमोर तो आदर्श म्हणून ठेवणे योग्य नव्हे.

म्हणून पालकांनी एवढे करावे: दुखणे दोन-तीन आठवड्यांत न थांबल्यास, ते रोज एकाच जागी होत असल्यास किंवा तेथे उंचवटा दिसत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. सहनशीलता हा गुण खरा. परंतु तो मुलाने स्वतः अंगी बाणवायचा असतो, मोठ्यांनी त्याच्या वेदनेवर लादायचा नसतो.