तेरड्याचा रंग

ऐन ग्रीष्मांत फुलांच्या कुरणांतून चालत खिंड गांठावी, हें सुख हिमप्रदेशांतील लोकांचें. तेथें बर्फ वितळलें म्हणजे माळ फुलतात. आपल्या सह्याद्रीवर वैशाखांत पाहावें तों काळा कातळ आणि करपलेलें गवत! आपलीं रानफुलें बहुतेक पावसाचीं ऋणाईत. म्हणून आमची डोंगरयात्रा भाद्रपदाच्या आरंभीं ठरली.

एकलहऱ्याहून नाशिकमार्गें त्र्यंबकच्या रस्त्यावरील अंजनेरी गांठली. बरोबर सूनबाई व बारावींत शिकणारा नातू. डोंगर सुमारें ४,२०० फूट उंच. दगडी पायऱ्या एका अरुंद घळींतून चढतात. तेथेंच कातळांत जैन लेणें आहे. घळ संपली आणि पठारावर सोनकीचा पिवळा शेला व तेरड्याचे गुलाबी ताटवे दिसले. ओलसर कातळावर सीतेचीं आसवें होतीं. ह्या भूमींत पोषण थोडें, म्हणून हें चिमुकलें झाड सूक्ष्म जीव पकडून उपजीविका करतें, असें नातवानें सांगितलें. ह्याच डोंगरावरील एका कंदीलपुष्पास शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं 'सेरोपेजिया अंजनेरिका' असें नांव दिलें, हेंही त्याच्याकडूनच कळलें. अमरकोश पाठ केलेल्या मला तें नांव नवें होतें.

इतक्यांत सूनबाई तेरड्यापाशीं वांकली. गौरी पांच दिवसांवर आल्या होत्या. आमच्याकडे तेरड्याची गौर असते.

"मामंजी, चार रोपें मुळासकट घेतें. सासूबाईंना डोंगरचाच तेरडा लागे."

"आई, हें २०१७ पासून राखीव क्षेत्र आहे," नातू म्हणाला. "आणि बोंडें फुटण्याआधीं रोप उपटलें, तर त्याचें बीं पडणार कोठून?"

दोघेंही माझ्याकडे पाहूं लागलीं. ही जाऊन दोन वर्षें झालीं; तिची रीत मोडूं नये ही सूनबाईची तळमळ मला कळत होती. तथापि मीं सांगितलें, "गौर तेरड्याची असावी ही रीत, डोंगर उघडा करावा ही नव्हे. यंदा आपल्या कुंपणाकडेचा तेरडा घेऊं." ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग पदर खोंचीत मुलास म्हणाली, "पुढच्या पावसाळ्यापासून अंगणांत तेरडा पेरायचें काम तुझें." त्यानें तें आनंदानें पत्करलें.

समोर ब्रह्मगिरी ढगांत होता. तेथें उगम पावणारी गोदा पुढें आमच्याच गांवाजवळून वाहत जाते. क्षणभंगुर शोभेस आपण हिणवून म्हणतों, 'तेरड्याचा रंग तीन दिवस.' परंतु बोटभर मातींत उगवून, तीन दिवस रंगून, पुढच्या वर्षाची तरतूद करून जाणें, हें थोडें का आहे? आम्हां म्हाताऱ्यांस तरी ह्याहून अधिक काय साधावयाचें असतें!