उमेदवारीचे वर्ष

2023 च्या जुलैपासून वर्षभर नंदनवनातील आमच्या घरातून रोज सकाळी आठ वाजता आम्ही दोघे बाहेर पडत असू. बाबांची स्कूटर इतवारीकडे, मस्कासाथेतील आमच्या किराणा मालाच्या दुकानाकडे जाई. मी मेट्रो गाठून, सीताबर्डीला गाडी बदलून खापरीला उतरत असे आणि तिथून कंपनीच्या बसने वर्धा मार्गावरील तिच्या गोदामात पोहोचत असे. माझ्या व्यवसाय व्यवस्थापनाच्या पदवीचे ते शेवटचे वर्ष होते आणि ते सारे एका मोठ्या कंपनीत ‘शिकाऊ उमेदवार’ म्हणून काढायचे होते.

घरात याला विरोध झाला नाही असे नाही. ‘घरचे दुकान असताना परक्याच्या गोदामात खोकी मोजायला मुलीला कशाला धाडायचे?’ असे काकांनी विचारले. बाबा एवढेच म्हणाले, ‘आपले वडील तरी दुसरे काय करत होते?’ आजोबांनी स्वतःचे दुकान थाटण्यापूर्वी चार वर्षे दुसऱ्याच्या पेढीवर काढली होती. पहिले वर्ष झाडलोट आणि तोलाई, दुसरे वसुली, मग खरेदी आणि अखेरीस वही. त्याला आमच्या घरात ‘उमेदवारी’च म्हणत.

नाव जुने असले तरी आज त्यामागे कायदा आहे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. 2019 मधील दुरुस्तीने पदवीच्या उमेदवारास दरमहा किमान नऊ हजार रुपये विद्यावेतन ठरवले. 2020 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी अभ्यासक्रमातच उमेदवारी गुंफण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. इंग्लंडमध्ये अशी पदवी 2015 पासून सुरू आहे. उमेदवाराला एका खात्यात बसवून न ठेवता खात्याखात्यांतून फिरवायचे, ही पद्धत टाटा समूहाने आपल्या प्रशासकीय सेवेसाठी 1956 पासूनच अवलंबली. आमच्या कंपनीतही चार खाती होती आणि प्रत्येकात तीन महिने काढायचे होते.

पहिले खाते गोदामाचे. जो माल आधी आला तो आधी बाहेर जावा, हा नियम मी पुस्तकात वाचला होता. तो पाळण्यासाठी मांडणीच्या एका बाजूने माल भरायचा आणि दुसऱ्या बाजूने काढायचा, एवढी साधी युक्ती असते हे तिथे कळले. आमच्या दुकानात नवे पोते नेहमी जुन्या पोत्यापुढे येऊन बसते, हेही त्याच दिवशी लक्षात आले.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली. चाळीस खोक्यांची नोंद मी चाळीस पुडे अशी केली. संगणकाला माल कमी दिसला आणि त्याने तोच माल पुन्हा मागवण्याची तयारी केली. चूक ध्यानात आली तेव्हा सुटीची वेळ झाली होती. कोणी पाहिले नव्हते. ती नोंद पुसता येते का, हे मी हळूच पाहिले, आणि ती पुसता येत नव्हती. चुकीच्या नोंदीला उलट नोंद करायची आणि मग खरी नोंद लिहायची, अशीच तिथे सोय होती. वहीतला आकडा खोडून दिसेनासा करायचा नाही, त्यावर एक रेघ मारून खाली खरा आकडा लिहायचा, हे आजोबा सांगत असत. ते आठवले आणि मी स्वतःच अधिकाऱ्यांकडे गेले. बोलणी बसली, पण दुसऱ्या दिवसापासून आवक नोंदवण्याचे काम माझ्याकडेच राहिले.

पुढे हिशेब खाते आले. मागणीपत्र, माल मिळाल्याची नोंद आणि बिल, हे तिन्ही जुळल्याखेरीज पैसे सुटत नाहीत. एका लहान पुरवठादाराचे बिल केवळ मागणीपत्राचा क्रमांक लिहायचा राहिला म्हणून अडकले होते. कायद्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकते व्हायला हवेत. तो दूरध्वनीवर अजिजीने विचारत होता आणि मला बाबांचा आवाज ऐकू येत होता. त्या दिवसापासून असे अडकलेले प्रत्येक बिल मी दुपारच्या आत पुरवठादाराला कळवू लागले. हिवाळ्यात साडेपाचच्या सुमारास दिवस मावळे, म्हणून पाच वाजता डबा उघडण्याची परवानगी मी मागितली होती. ती सहज मिळाली. मागायलाच मी एक आठवडा उगीच घाबरले होते.

जानेवारीत विक्री खाते मिळाले आणि खरी परीक्षा सुरू झाली. कंपनी लहान किराणा दुकानांना मोबाईलवरून मागणी घेऊन थेट माल पोहोचवते. नंदनवन, हसनबाग आणि सक्करदरा भागातील दुकानांची यादी माझ्या हाती आली. तीत अकरा नावे आमच्या वहीतली होती. कोण किती माल घेतो, कोणत्या भावाने घेतो, सारे त्या यादीत होते. ही माहिती बाहेर सांगणार नाही, असे मी लिहून दिले होते.

विक्रेत्याबरोबर फिरताना तिसऱ्याच दुकानात मला ओळखले गेले. ‘बेटा, तू इथे कशी?’ दुकानदार काका गोंधळले, मग आवाज उतरवून म्हणाले, ‘तुझ्या बाबांना सांगू नको हं. पोटापाण्याचा प्रश्न आहे. भावात फरक पडतो.’ मी मान हलवली. त्या रात्री बाबांसमोर बसून जेवताना घास उतरेना. पंधरा दिवस असेच गेले. जे दुकान विकून मला शिकवले जात नव्हते, तर चालवून शिकवले जात होते, त्याच दुकानाची गिऱ्हाइके कुठे चालली आहेत हे मला ठाऊक होते आणि मी गप्प होते.

अखेर एका रविवारी मी म्हणाले, ‘बाबा, कामावरची एक गोष्ट आहे. मला सांगता येत नाही आणि सांगितल्याशिवाय राहवतही नाही.’

बाबांनी उधारीची वही पुढे ओढली. एकेका खात्यावर बोट ठेवत गेले. ‘याचे दिवाळीपासून येणे अर्ध्यावर आले. हा फक्त मसाला नेतो. हा दोन महिने फिरकला नाही.’ वहीत नऊ नावे झाली. ‘मला माहीत आहे, बेटा. वही सांगते. तू बोलली नाहीस ते योग्यच केलेस. ज्या पेढीवर बसतो तिथली गोष्ट दुसऱ्या पेढीवर न्यायची नसते.’

उरलेली दोन नावे मी त्यांना सांगितली नाहीत. त्यांनीही विचारले नाही.

मग आम्ही आमच्याच वहीवर बसलो. कोणाचे येणे तीस दिवसांचे, कोणाचे साठ, कोणाचे नव्वदच्या पुढे, असे रकाने मी पाडले. ‘माणसाच्या नावापुढे दिवस मांडायचे?’ असे बाबा प्रथम म्हणाले. पण बहुतेक जुनी उधारी चौघांकडेच अडकली आहे हे दिसल्यावर दर सोमवारी तो कागद ते स्वतःच मागू लागले. साबण, बिस्किटे, तेल यांत मोठ्या कंपनीच्या भावाशी बरोबरी व्हायची नाही, हे त्यांनी मान्य केले. भिवापूरची मिरची, वायगावची हळद, अख्खा मसाला, म्हणजे जो माल हातात घेऊन, वास घेऊन निवडावा लागतो, त्यावर भर द्यायचे ठरले.

शेवटचे तीन महिने खरेदी खात्यात गेले. तिथे तूरडाळीचा एक नमुना मी तळहातावर चोळला आणि त्याला तेलाचा हात जास्त आहे हे सांगितले. अधिकाऱ्यांनी विचारले, ‘हे कुठे शिकलात?’ दुकानात, असे म्हणताना मला पहिल्यांदाच संकोच वाटला नाही.

जूनच्या अखेरीस कायम नोकरीचे पत्र मिळाले. पगार चांगला होता. आई म्हणाली, ‘नोकरी कर आणि रविवारी दुकान बघ.’ पण बाबांचे वाक्य मनातून जात नव्हते. एकाच वेळी दोन पेढ्यांवर बसता येत नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद घरचा व्यवसाय सोडून रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले आणि पुढे जहाजे, विमाने, मोटारींपर्यंत पोहोचले. घरातून बाहेर पडणे हाही आपल्याच परंपरेचा भाग आहे. मी मात्र बाहेर जाऊन परत यायचे ठरवले. नकार कळवला तेव्हा अधिकाऱ्यांनी चांगल्या शब्दांत निरोप दिला.

ज्यांच्या घरी दुकान आहे अशा पालकांना सुचवावेसे वाटते, की मुलामुलींना एक वर्ष तरी परक्याच्या हाताखाली काम करू द्यावे. ती परततील की नाही, याची हमी मात्र कोणी देऊ नये. ती त्यांची निवड असावी.

आता सकाळी आठ वाजता बाबांच्या स्कूटरवर मागे मी असते. नवे पोते मागे आणि जुने पुढे लावण्याचे काम माझे. त्या अकरा दुकानांना कोणता माल कोणत्या भावाने मिळतो, हे मला अजून तोंडपाठ आहे. त्यांतील तिघे पुन्हा मिरची-मसाल्यासाठी येऊ लागले आहेत. त्यांना मी आमचा भाव सांगते आणि माल हातात देते. त्या यादीतला एकही आकडा मी दुकानात आणलेला नाही.