आमच्या घरची डबल डेकर

एका बाजूला ओरिजिनल, दुसऱ्या बाजूला कोरी कॅसेट आणि मधे एकच बटण. दोन तोंडांच्या व्हीसीआरनं आमच्या घराला काय दिलं, त्याची ही गोष्ट.

तुमच्या घरी व्हीसीआर होता? असेलच. स्वतःचा नसला तरी सुट्टीत भाड्यानं आणलेला, नाहीतर मामाकडचा तरी. पण दोन तोंडांचा व्हीसीआर? म्हणजे एकाच डब्यात शेजारी शेजारी दोन कॅसेट घालायची सोय? नाही ना? आमच्याकडे होता. होता काय, अजून आहे. आणि विश्वास ठेवा बॉस, चालतो!

काकानं तो १९९१ मध्ये मस्कतहून आणला. गल्फहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत तेव्हा सेंटच्या बाटल्या, ब्लँकेट आणि टँगचा डबा असायचा. आमच्या काकानं हा धोंडा आणला. धोंडाच! एकट्यानं उचलायचा म्हणजे कंबरेची वाट. ठाण्याच्या आमच्या दोन खोल्यांत टीव्हीखालच्या स्टँडवर तो मावेना, म्हणून बाबांनी सुताराकडून खास फळी ठोकून घेतली. बिल्डिंगमधली पोरं त्याला ‘डबल डेकर’ म्हणायची. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्याचा फंडा अगदी सोपा. डेक वन फक्त प्ले करतो. डेक टू प्लेही करतो आणि रेकॉर्डही. पहिल्यात भरलेली कॅसेट घाला, दुसऱ्यात कोरी आणि ‘कॉपी’चं बटण दाबा. बस्स! एरवी हेच करायचं तर शेजाऱ्यांचा व्हीसीआर उचलून आणा, दोघांना वायरींनी जोडा, कुठली पिन ‘इन’ला आणि कुठली ‘आउट’ला यावर घरात भांडणं करा आणि शेवटी कळणार की आवाज आलाच नाही. इथे सगळं डब्याच्या पोटातच जोडलेलं.

शॉर्टकट मात्र अजिबात नाही. तीन तासांचं लग्न कॉपी करायला तीन तासच लागतात. आत अर्ध्या इंचाची पट्टी सावकाश सरकत असते आणि तिच्यासमोर एक तिरका ड्रम मिनिटाला १५०० फेरे मारत चित्र वाचत असतो. दुसऱ्या डेकमध्ये तसाच ड्रम तेच चित्र नव्या पट्टीवर लिहीत असतो. कुणीतरी समोर बसायचं, लाइट गेले तर नशिबाला बोल लावायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

आईचं डिपार्टमेंट

आमच्या घरात हे ‘कुणीतरी’ म्हणजे आई. १९९२ मध्ये ती लग्न होऊन आली तेव्हा मशीन घरात वर्षभर होतं, पण त्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. काका मस्कतला परत गेलेला आणि जाताना ‘बिघडलं तर इथे पार्ट मिळणार नाहीत’ असा दम देऊन गेलेला. नव्या सुनेनं दुपारच्या निवांत वेळात मॅन्युअल वाचून काढलं. पंधरा दिवसांत ती घरातली व्हिडिओ इंजिनीअर झाली!

मग बिल्डिंगमध्ये बातमी पसरली. लग्नाचं शूटिंग करणारे तेव्हा बहुतेक एकच कॅसेट हातात ठेवायचे, आणि ती सासरी राहणार की माहेरी, यावर रुसवेफुगवे व्हायचे. आता उपाय सापडला. लोक आईकडे यायचे. कोरी कॅसेट त्यांनी आणायची. पैसे ती घ्यायची नाही, पण कॅसेट परत नेताना बरोबर वाटीभर खीर किंवा चार नारळवड्या यायच्याच. आईची एक वही होती. कुणाची कॅसेट, कशाची, किती कॉपी, कुठे जाणार. ‘२०४, मुंज, १, नाशिक.’ ‘तळमजला, बारसं, २, इंदूर आणि कराड.’ ती वही मी लहानपणी गोष्टीच्या पुस्तकासारखी वाचायचे.

तिचा एक नियम पक्का होता. सिनेमा कॉपी होणार नाही! व्हिडिओ लायब्ररीवाल्यानंही एकदा विचारून पाहिलं, आईनं सरळ वाटेला लावलं. १९८४ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि व्हिडिओ पायरसीला चाप बसला, हे तिनं कुठेतरी वाचलं होतं. ‘दुसऱ्याच्या मेहनतीचं वाटप मी का करू? आपली लग्नं-मुंजी आपल्या आहेत, त्या वाटू.’ इतका साधा हिशेब.

हॉलिवूडला फुटलेला घाम

गंमत म्हणजे, आमच्या आईच्या या दुपारच्या उद्योगाला साक्षात हॉलिवूड घाबरत होतं. मास कॉमला असताना हे वाचलं आणि मी जाम हसले. घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी रेकॉर्ड करणं हा गुन्हा नाही, असा निकाल अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९८४ मध्ये दिला. तोही पाच विरुद्ध चार मतांनी, म्हणजे जेमतेमच. मग एका डब्यात दोन डेक म्हणजे तर कॉपीचा कारखानाच!

ॲरिझोनातल्या ‘गो-व्हिडिओ’ नावाच्या छोट्या कंपनीला असं मशीन बाजारात आणायचं होतं. बनवून द्यायला कुणी तयार होईना. शेवटी १९८७ मध्ये कंपनीनं जपानी उत्पादकांना आणि हॉलिवूडच्या संघटनेलाही कोर्टात खेचलं. हॉलिवूडशी समझोता झाला तो एका अटीवर. ज्या कॅसेटवर कॉपीबंदीचा सिग्नल आहे, ती या मशीनवर कॉपी होता कामा नये. मग कोरियात सॅमसंगनं मशीन बनवलं आणि १९९० मध्ये ते अमेरिकेत विकायला आलं. सगळ्या भांडणात प्रश्न एकच होता. कॉपी म्हणजे चोरी का? आईच्या वहीत त्याचं उत्तर होतं, पण तिला विचारतंय कोण!

शालूचा रंग सांडतो

कॉपीला एक शाप होता. टेपवरून टेपवर घेतलं की प्रत्येक वेळी चित्र थोडं मरतं. पुस्तकी भाषेत याला ‘जनरेशन लॉस’ म्हणतात. आईची भाषा जास्त बरी होती. ती म्हणायची, ‘शालूचा रंग सांडतो.’ खरंच सांडतो! व्हीएचएसवर लाल रंग आधीच बेलगाम. कॉपीत तो नवरीच्या पदरातून बाहेर येऊन शेजारच्या करवलीच्या दंडावर पसरतो. कॉपीच्या कॉपीत नाकडोळे विरघळतात, आवाजामागे पाऊस पडायला लागतो.

म्हणून घराघरांत ओरिजिनल कॅसेटला देवासारखा मान होता. ओरिजिनल कपाटात, कॉपी वापरायला. आमच्या घरातली सगळ्यात मानाची ओरिजिनल म्हणजे आत्याच्या लग्नाची, मे १९९३ मधली. आई, बाबा, काका, काकू, सगळे तरुण. आणि आजी. आजी १९९९ मध्ये गेली. मी तेव्हा दोन वर्षांची होते, मला ती अजिबात आठवत नाही. फोटो भरपूर आहेत, पण तिचा आवाज फक्त त्या एका कॅसेटवर होता.

पुढे घरं वेगळी झाली. कॅसेट काकूकडे गेली. तिनं ती लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून, वर डांबराच्या गोळ्या घालून ठेवली. कुणाला हात लावू दिला नाही. खराब होऊ नये म्हणूनच! आमच्याकडचा डबल डेकर सीडी-डीव्हीडीच्या लाटेत माळ्यावर गेला. २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं बंद केलं. नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी होती. ती बातमी वाचून बाबा एवढंच म्हणाले, ‘आपलं मशीन एकदा काढलं पाहिजे.’ काढलं २०२३ मध्ये.

पांढरी बुरशी

मशीन घेऊन मी लॅमिंग्टन रोडला गेले. चार दुकानांत लोक हसले. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी मात्र झाकण उघडलं आणि डोळे मिचकावले. आतले रबरी बेल्ट वितळून गुळाच्या पाकासारखे झाले होते. त्यांनी बेल्ट बदलले, रोलर साफ केले, हेड स्पिरिटनं पुसले. आठवड्यानं दोन्ही डेक सुरू!

मग मी काकूकडची कॅसेट त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उजेडात धरली आणि मान हलवली. काचेच्या खिडकीतून दिसणाऱ्या गुंडाळीच्या कडेवर पांढरी साय आली होती. बुरशी. टेपवर चुंबकीय भुकटी ज्या लेपात बसवलेली असते, त्या लेपावर ती पोसते. त्यात ठाण्याची हवा दमट आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तो दमटपणा कोंडून राहिलेला. तीस पावसाळे! ‘ही आत घातली तर टेप तुटेल आणि हेडही खराब होतील,’ ते म्हणाले. ‘दुसरी कॉपी नाही का कुठे?’

घरी आल्यावर आईनं वही काढली. मे १९९३ च्या पानावर तिच्या गोल अक्षरात होतं, ‘वन्संचं लग्न, १, सोलापूर.’

आत्याला फोन लावला. कॅसेट होती! व्हीसीआर तिनं कधीच भंगारात दिला होता. कॅसेट मात्र दिवाणखान्यातल्या उघड्या फळीवर, पुस्तकांच्या रांगेत उभी. ना पिशवी, ना गोळ्या. सोलापूरची कोरडी हवा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची हौस, एवढ्यावर ती टिकली. दर दिवाळीत कुणीतरी ती लावायचंच म्हणे.

रविवारी सगळे आमच्याकडे जमले. काकूही आली. थोडी गप्प होती. डबल डेकरची पिवळी-पांढरी-लाल वायर एका छोट्या यूएसबी डबीला जोडली, डबी लॅपटॉपला आणि प्ले दाबलं. शालूचा रंग सांडलेला होता. करवल्यांची नाकं ओळखू येत नव्हती. पण हळदीच्या सीनमध्ये शूटिंगवाल्याचा प्रखर दिवा कोपऱ्यात बसलेल्या एका बाईवर गेला आणि तिनं हात आडवा धरला. ‘अरे, तो दिवा बाजूला घे रे. आणि तू जेवलास का?’

आजी. दोन वाक्यं. जाडसर, किंचित बसलेला आवाज.

बाबा म्हणाले, ‘रिवाइंड कर.’ मी केलं. पुन्हा म्हणाले, ‘परत एकदा.’ चौथ्या वेळेनंतर ते म्हणाले, ‘मला वाटायचं आईचा आवाज बारीक होता.’ चोवीस वर्षं ते भलताच आवाज आठवत होते. काकूनं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘मला पण एक कॉपी दे गं.’

म्हणून सांगते...

जगातल्या मोठमोठ्या संस्थांचंही असंच झालंय. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१चा. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. बीबीसीनं ‘डॉक्टर हू’ मालिकेचे साठच्या दशकातले कित्येक भाग स्वतःच पुसून टाकले. त्यातले नऊ भाग २०१३ मध्ये चक्क नायजेरियात सापडले, कारण त्यांच्या प्रती परदेशी चॅनेल्सना दिल्या गेल्या होत्या. मालकाकडचं गेलं, वाटलेलं राहिलं. डबल डेकर हेच करत होता आणि आई समोर बसून चटणी वाटता वाटता त्याला साथ देत होती.

तेव्हा तुमच्याही माळ्यावर कॅसेट असतील तर पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका. खिडकीतून आत बघा. पांढरं दिसलं तर मशीनमध्ये अजिबात घालू नका, जाणकाराला दाखवा. स्वच्छ असेल तर कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी आधी तोडा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. पिशवीतून काढा, उभी ठेवा. डिजिटल करून घ्या आणि ती फाइल एका हार्ड डिस्कवर ठेवून निवांत होऊ नका. वेगवेगळ्या गावांतल्या तीन घरांत द्या. कॉम्प्युटरवरच्या कॉपीत शालूचा रंग सांडत नाही, मग कंजुषी कशाला?

आमची फाइल आता ठाण्यात, काकूकडे आणि सोलापुरात आहे. आईनं वहीत नवी ओळ लिहिली, ‘वन्संचं लग्न, ३, पेन ड्राइव्ह.’ आत्याला पेन ड्राइव्ह मिळाला, आवडला, तिनं तो टीव्हीला लावून दोनदा बघितलाही. मग रात्री फोन आला.

‘ते सगळं ठीक आहे गं. माझी कॅसेट कधी परत पाठवतेस?’