तीनशे योद्धे, एकशे सत्तावीस प्रांत

जळगाव-धुळ्याकडच्या ख्रिस्ती घरांतून मला एक प्रश्न अजूनही विचारला जातो: ‘थ्री हंड्रेड’ हा सिनेमा मुलांना बघू द्यावा का? सिनेमा २००७ सालचा. थिएटरमधून तो केव्हाच उतरला, पण मोबाइलमुळे त्याला मरण नाही. नववी-दहावीतली मुलं त्यातले संवाद आरोळी ठोकून म्हणतात, आईवडील दचकतात आणि कुणीतरी मला फोन करतं. मी कॉलेजात प्राचीन जगाचा इतिहास शिकवतो आणि रविवारी मंडळीत शास्त्राभ्यासाचा वर्ग घेतो. हा प्रश्न माझ्या या दोन्ही कामांत पाय रोवून उभा आहे, म्हणून त्याचं उत्तर फोनवर उरकण्यासारखं नाही.

ही घरं तशी साधी. स्वीडन, नॉर्वे, अमेरिकेतून आलेल्या मिशनऱ्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी खानदेशात शाळा आणि दवाखाने काढले. नवापूर-नंदुरबारच्या भिल्ल-मावची पाड्यांपासून भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंत मंडळ्या उभ्या राहिल्या. बहुतेक घरांत कुणी ना कुणी शिक्षक, नाहीतर नर्स. रात्रीच्या जेवणानंतर प्रार्थना, आणि पवित्र शास्त्राचा एक अध्याय मुलांनी मोठ्याने वाचायचा.

अशा घरात ‘तीनशे’ म्हटलं की आधी गिदोन आठवतो. शास्ते पुस्तकाचा सातवा अध्याय. मिद्यान्यांशी लढायला त्याच्याकडे ३२,००० माणसं जमली होती. ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी जावं म्हटल्यावर २२,००० निघून गेली. उरलेल्या १०,००० जणांना पाण्यावर नेलं, आणि हाताने पाणी तोंडाशी नेऊन चाटणारे फक्त ३०० जण ठेवले. त्यांच्या हातात काय दिलं? एक रणशिंग, एक रिकामा घडा, घड्यात लपवलेली मशाल. रात्री घडे फुटले, शिंगं वाजली आणि घाबरलेली छावणी आपसांतच तलवारी चालवू लागली. विजय आपल्या मनगटाचा, असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून तिथे माणसं कमी केली होती. मराठी शाळेत शिकणाऱ्या याच मुलांना दुसरे तीनशेही ठाऊक असतात: १६६० च्या जुलैत घोडखिंड अडवणारे बाजीप्रभू आणि त्यांचे बांदल. म्हणजे सिनेमा लावण्याआधीच मुलाच्या मनात दोन तीनशे उभे असतात, आणि तिसऱ्यांचं स्वागत करायला ते उत्सुक असतं.

हे तिसरे तीनशे स्पार्टाचे. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून गेला. थर्मोपिलीच्या अरुंद वाटेवर, एका बाजूला डोंगर नि एका बाजूला समुद्र, राजा लिओनायडसने त्याला तीन दिवस रोखलं. फ्रँक मिलर यांनी १९९८ मध्ये यावर चित्रकथा काढली आणि झॅक स्नायडर यांनी तिचा सिनेमा केला. लिओनायडसबरोबर सुरुवातीला सुमारे ७,००० ग्रीक होते, आणि शेवटच्या दिवशीही थेस्पिया गावचे ७०० जण त्याच्याबरोबर थांबले. सिनेमात त्यांना जागा नाही. सबंध गोष्ट एक स्पार्टन सैनिक पुढच्या लढाईआधी आपल्या फौजेला सांगतो आहे, अशी रचना आहे. त्यामुळे अतिशयोक्ती निवेदकाची, असा बचाव करता येतो. तो बचाव मला मान्य आहे, पण पडद्यासमोर बसलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला निवेदक दिसत नाही. त्याला राक्षसच दिसतात.

आईवडिलांची तक्रार रक्ताची आणि उघड्या अंगांची असते. ती रास्त आहे. धुळ्यातल्या एका घरी मी हा सिनेमा त्या कुटुंबाबरोबर बसून पाहिला. घरातली आई सरकारी दवाखान्यात नर्स. एक वार झाला, सगळं संथ झालं, रक्ताचे काळपट थेंब हवेत फुलले आणि नाहीसे झाले. तिने रिमोट मागितला, दृश्य मागे नेलं, पुन्हा पाहिलं. मग सासूकडे वळून अहिराणीत म्हणाली, “हाई रगत जमीनवर पडतच नही. मंग पुसस कोन?” त्या रात्री सगळ्यात अचूक समीक्षा तीच झाली. त्या सिनेमातलं बरंचसं रक्त संगणकाने काढलेलं आहे. ते उडतं आणि विरतं. रक्ताचा वास, त्याचं चिकटणं, फरशीवरून ते काढताना लागणारं पाणी, ज्याचा हात गेला त्याचं पुढचं आयुष्य, यांतलं काही त्याच्यासोबत येत नाही. दवाखान्यात रात्रपाळी केलेल्या बाईला जे ताबडतोब दिसलं ते तिच्या मुलाला दिसावं, म्हणून ती पुढचा तासभर त्याच्या शेजारी बसून बोलत राहिली.

पण माझा मोठा आक्षेप झर्क्सीसच्या चित्रणाला आहे. पडद्यावर तो कमालीचा उंच, उघडा, अंगभर साखळ्या नि नथा ल्यालेला, आवाज गुहेतून आल्यासारखा. त्याची फौज म्हणजे मुखवट्यांमागचे विद्रूप चेहरे. पर्सेपोलिसच्या दगडी शिल्पांतले इराणी राजे पायघोळ झग्यात, नीट कोरलेल्या दाढीत उभे आहेत. इराणने सिनेमावर २००७ मध्येच निषेध नोंदवला. आमच्या खानदेशी ख्रिस्ती घरांनीही नोंदवायला हवा होता, कारण हा राजा आमच्या ओळखीचा आहे. मराठी शास्त्रात त्याचं नाव अहश्वेरोश. हिंदुस्थानापासून कूशापर्यंत १२७ प्रांतांवर राज्य करणारा, एस्तेरचा नवरा.

एस्तेरच्या पुस्तकात वर्षं दिलेली आहेत. राजाच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी शूशन नगरात मोठी मेजवानी होते आणि वश्ती राणी सर्वांसमोर यायला नकार देते. एस्तेर राणी होते ती सातव्या वर्षी. झर्क्सीस इ.स.पू. ४८६ मध्ये गादीवर आला. म्हणजे मेजवानी ४८३ ची आणि एस्तेरचा मुकुट ४७९ च्या अखेरीचा. मधल्या काळात ग्रीसची स्वारी झाली, थर्मोपिली झाली, सॅलमिसच्या समुद्रात आरमार बुडालं. पहिल्या आणि दुसऱ्या अध्यायांमधल्या कोऱ्या जागेत हा सबंध सिनेमा बसतो. अभ्यासक म्हणून इथे एक सांगायलाच हवं: ग्रीक इतिहासकार हिरोडोटस राणीचं नाव अमेस्ट्रिस देतो, आणि एस्तेरचं पुस्तक शब्दशः इतिहास म्हणून वाचावं का, यावर विद्वानांत मोठा मतभेद आहे. तरी राजा कोण, याबद्दल फारसा वाद नाही.

शास्त्राने त्याला चांगला म्हटलेलं नाही. तो १८० दिवस वैभव मिरवतो, दारूच्या भरात बायकोला बोलावतो, आपला सरदार हामान याच्या सांगण्यावरून एका सबंध जमातीच्या कत्तलीवर शिक्का देऊन पुन्हा प्यायला बसतो. पण तो माणूस आहे. त्याला झोप येत नाही, तो रात्री दप्तरं वाचून घेतो, विसरलेलं ऋण आठवल्यावर ते फेडतो. हिरोडोटस तर ग्रीकांच्या बाजूचा. त्याचा झर्क्सीसही आपली अफाट फौज पाहताना रडतो, कारण शंभर वर्षांनी यातलं कुणीच जिवंत नसेल हे त्याला सुचतं. ज्यांच्यावर तो चालून गेला त्यांनी त्याला हे अश्रू दिले, आणि अडीच हजार वर्षांनंतरच्या सिनेमाने ते काढून घेतले.

त्याच्या घराण्याचं आमच्यावर ऋणही आहे. बाबेलच्या बंदिवासातून यहुद्यांना परत पाठवणारा कोरेश हा इराणचाच, आणि यशयाच्या पुस्तकात देवाचा अभिषिक्त म्हणून त्याचं नाव येतं. यरुशलेमचं मंदिर पुन्हा उभं राहिलं ते झर्क्सीसच्या बापाच्या, दारयावेशाच्या काळात. यरुशलेमचा तट पुन्हा बांधणारा नहेम्या झर्क्सीसच्या मुलाचा प्यालेबरदार होता. नाताळच्या नाटकात दरवर्षी आमची पोरं कापसाची दाढी लावून सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन येतात. ते मागी म्हणजे मुळात इराणी पुरोहितांचा वर्ग. डिसेंबरात ज्यांचा वेष अंगावर चढवायचा, त्यांनाच एरवी श्वापदं समजून टाळ्या पिटायच्या, याचा विचार मुलांसमोर ठेवल्यावर ती गंभीर होतात, असा माझा अनुभव आहे.

शिवाय झर्क्सीसच्या त्या फौजेत हिंदुस्थानी माणसं होती. हिरोडोटसने त्यांचा पोशाख लिहून ठेवला आहे: सुती कपडे, वेताची धनुष्यं, लोखंडी टोकाचे वेताचे बाण. ती सिंधूच्या खोऱ्याकडची, खानदेशातली नव्हेत. पण काळ्या मातीत कापूस पिकवणाऱ्या मुलखात हे वाक्य वाचलं की सिनेमातल्या फौजेचा तो काळा लोंढा वेगळा दिसू लागतो. त्यात सुती अंगरख्यातला, घरापासून हजारो कोस दूर नेलेला एक तिरंदाज दिसतो. सॅलमिसनंतर सम्राट परतला, पण या हिंदुस्थानी तुकड्यांना सेनापती मार्दोनियसबरोबर ग्रीसमध्येच मागे ठेवलं.

आणि स्वातंत्र्य? सिनेमातला स्पार्टन पदोपदी त्याचीच घोषणा करतो. स्पार्टाची शेती हेलट लोक करायचे. आपल्याकडचा सालदार आखाजीला साल संपलं की मालक बदलू शकतो. हेलटला ती सोय नव्हती. तो जमिनीला बांधलेला, आणि स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करत, म्हणजे त्याला मारणं पाप ठरू नये. थर्मोपिलीच्या पुढच्या वर्षी प्लाटियाच्या लढाईत हिरोडोटस एका स्पार्टनामागे सात हेलट मोजतो. ज्या घरांच्या मागच्या पिढ्यांनी वेठबिगारी पाहिली, त्यांनी हा हिशेब मुलांना सांगितलाच पाहिजे.

रक्ताचा खेळ बघावा का, हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला नवा नाही. इ.स. ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीनने आपल्या मित्राची, अलिपियसची हकिगत लिहिली. रोममध्ये मित्रांनी त्याला ओढून झुंजीच्या आखाड्यात नेलं. तो डोळे गच्च मिटून बसला. कुणीतरी पडलं, हजारो गळ्यांतून आरोळी उठली, आणि त्याने डोळे उघडले. मग त्याला तिथून उठवेना. पुढे तोच इतरांना घेऊन जाऊ लागला. ऑगस्टीनने बोट ठेवलं आहे ते त्या आरोळीवर. म्हणून मी पालकांना सांगतो की मुलगा एकटा बघतो की चार मित्रांच्या शिट्ट्यांत, हे आधी पाहा.

युद्धाची गोष्ट आरोळीशिवायही सांगता येते. ग्रीक नाटककार एस्किलस इराण्यांविरुद्ध मॅरेथॉनला लढला होता, तिथे त्याचा भाऊ मेला. सॅलमिसच्या विजयानंतर आठच वर्षांनी, इ.स.पू. ४७२ मध्ये, त्याने अथेन्समध्ये ‘पर्शियन्स’ हे नाटक उभं केलं. स्थळ इराणचा राजवाडा. रंगमंचावर पराभूत झर्क्सीसची आई, फाटक्या कपड्यांत परतलेला झर्क्सीस, आणि मेलेल्या इराणी सरदारांच्या नावांची लांबलचक यादी. ज्यांची घरं याच फौजेने जाळली होती ते अथेन्सचे लोक ते बघत बसले, आणि त्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. धुळ्याला हे परकं वाटू नये. १९३२ मध्ये इथल्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. रणांगणावर सुरू होणारा ग्रंथ, आणि ऐकायला शस्त्र न उचललेले कैदी.

तेव्हा माझं उत्तर असं: दहावीच्या आतल्या मुलांना नको. पुढच्यांनी आईवडिलांबरोबर बघावा, आणि त्याच आठवड्यात एस्तेर पूर्ण वाचावं. सिनेमाचा सगळा जोर लिओनायडस गुडघे टेकत नाही यावर आहे. त्याच राजाच्या दाराशी एस्तेरला वाढवणारा मर्दखयही हामानाला नमत नाही, हातात भाला नसताना.

मात्र ‘पूर्ण’ म्हणजे नवव्या अध्यायासह. शब्बाथ शाळेत आपण हामानाच्या फाशीशी थांबतो. नवव्या अध्यायात यहुदी आपल्या शत्रूंवर उलटतात आणि मेलेल्यांचा आकडा ७५,००० दिलेला आहे. त्या धुळ्याच्या घरातल्या मुलाने तो शोधून काढला आणि मला विचारलं, “काका, मग आपल्या पुस्तकात वेगळं काय?” लुटीला त्यांनी हात लावला नाही हे तिथे तीनदा नोंदवलंय, असं मी त्याला दाखवलं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही, आणि माझंही होत नाही. या महिन्यात आमच्या तरुण संघात तो अध्याय वाचायला घेतला आहे. पहिल्या रविवारी दहाव्या वचनाच्या पुढे आम्ही गेलो नाही, कारण तिथे हामानाच्या दहा मुलांच्या मरणाची गोष्ट आहे आणि त्याआधी त्यांची नावं एकेक करून दिली आहेत.